एक तास, दीड मीटर

वसुधाला एक तास हवा होता. मनःशांती नको होती, ऑनलाइन योगवर्ग नको होता, बाल्कनीत लावायला लव्हेंडरचं रोप तर अजिबातच नको होतं. हवी होती फक्त साठ मिनिटं, ज्यांत तिला कुणीही हाक मारणार नाही.

मार्चच्या मध्यावर टाळेबंदीत आल्मेरे या डच गावातल्या त्या घराचं दार लागलं आणि पाच माणसांची आयुष्यं एकाच दिवाणखान्यात येऊन साचली. सासू-सासरे फेब्रुवारीत पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. मग विमानं थांबली, आणि ते दोन महिने आता पाचव्या महिन्यात शिरले होते. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वसुधाची बँक भरे. झुइडओस्टच्या तिच्या ऑफिसची सहा मजली काचेची इमारत आकसून पंधरा इंचांच्या पडद्यात मावली होती. दुसऱ्या टोकाला दहा वर्षांच्या इरावतीची शाळा. मधल्या जागेत दिनकरराव, म्हणजे तिचे सासरे, मेथी निवडत बसत आणि निवडता निवडता डच पाणीव्यवस्थेतल्या त्रुटी सांगत. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बंधाऱ्यांच्या देशात अडकवून ठेवणं हा नियतीचा विनोद होता, आणि तो रोज सकाळी नऊ ते सहा वसुधाला ऐकावा लागे.

दिवसभरात तिला चार नावं होती. नवऱ्याची ‘वसू’, सासूबाईंची ‘अगं वसुधा’, मुलीची डच वळणाची ‘मामा’, म्हणजे आई, आणि बँकेतल्या सहकाऱ्यांची ‘फासुदा’. संध्याकाळपर्यंत ती चौकातल्या नळासारखी होऊन जाई. कुणीही यावं, फिरवावं, ओंजळ भरावी आणि पुरता बंद न करता निघून जावं.

मे महिन्यात तिने मागूनही पाहिलं होतं.

“मला एक तास एकटीला कुठेतरी बसायचंय,” ती नवऱ्याला, नरेंद्रला, म्हणाली होती.

“का? आई काही बोलली का?”

“नाही.”

“बरं वाटत नाहीये?”

“बरं वाटतंय. वाटतंय तोवरच बसायचंय.”

नरेंद्र विचारात पडला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होता, आणि मागणी समजून न घेता ती वेळेत पूर्ण करण्यातलं त्याचं कौशल्य वादातीत होतं.

“अगं, मग एकटी कशाला?” त्याचा चेहरा उजळला. “सगळेच जाऊ की!”

त्यानंतर तिने दोनदा सायकल काढली. पहिल्यांदा नरेंद्रने इरावतीला सोबत दिली, ‘तुला कंटाळा नको यायला’ म्हणून. दुसऱ्यांदा दिनकरराव स्वतःच पायी निघाले, आणि सायकल हातात धरून ती त्यांच्या बरोबरीने चालत राहिली. तासभर. वाटेत त्यांनी तिला सहा झडपा दाखवल्या.

जूनमध्ये उपाहारगृहांच्या बाहेरची टेबलं पुन्हा मांडली गेली, तशी नरेंद्रने सहल ठरवली. तळ्याकाठचं हार्डरवाइक, वाळूचा किनारा, जुनी वेस, भाजलेल्या ईल माशांचा वास, गाडीने चाळीस मिनिटं. त्याने एक्सेलमध्ये आराखडा केला. त्यात ‘जोखीम’ असा स्वतंत्र रकाना होता आणि त्यात ‘पाऊस’, ‘पार्किंग’, ‘बाबा’ अशा तीन नोंदी होत्या.

“ही ट्रिप खास तुझ्यासाठी,” तो शुक्रवारी रात्री म्हणाला. “तू काहीच करायचं नाहीस. फक्त थोडंसं खायला घे.”

थोडंसं म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी, इरावतीला चीजचं सँडविच, दिनकररावांना बिनसाखरेचा चहा आणि सासूबाईंना, म्हणजे सरलाताईंना, साखरेचा. पहाटे पाचला उठून वसुधा स्वतःसाठीच्या सहलीच्या पुऱ्या तळत होती. खिडकीबाहेर उजाडत होतं. आभाळाला अजून कुणी हात लावला नव्हता. तिला त्या आभाळाचा हेवा वाटला.

“अगं वसुधा, चहाचे थर्मास वेगळे ओळखायचे कसे?” जिन्यावरून हाक आली, आणि दिवस सुरू झाला.

हार्डरवाइकच्या आधी रस्ता पाण्याखालून जातो. गाड्या खाली, शिडाच्या होड्या वर. इरावतीने फोन काचेला टेकवला. “आजोबा, लुक! बोट वर आहे!”

“त्यात काय,” दिनकरराव म्हणाले. “आमच्या कालव्यांवर असे जलसेतू कितीतरी आहेत. फक्त खालून रस्ता नाही.”

“आणि वरून पाणीही नाही,” मागच्या सीटवरून सरलाताई म्हणाल्या. त्या दिवसभरात मोजकी दहा-बारा वाक्यं बोलत. त्यातलं हे एक.

किनारा सुरेख होता. एकेकाळी इथे समुद्र होता. माणसांनी बांध घालून त्याची वाट अडवली, त्याचं मीठ काढून घेतलं आणि त्याला तळं म्हणून कायमचं घरी बसवलं. तो आता गुडघाभर खोलीत सभ्यपणे हलत होता. निवृत्त समुद्र. वाळूवर प्रत्येक कुटुंब आपापल्या चादरीचं बेट करून बसलं होतं, आणि बेटांमधलं नियमाचं दीड मीटर अंतर लोक नजरेने राखून होते. दिनकररावांचा नजरेवर विश्वास नव्हता. त्यांनी खिशातून मोजपट्टीची डबी काढली, शेजारच्या डच कुटुंबाच्या चादरीपर्यंत ताणली आणि घोषित केलं, “एक मीटर बेचाळीस.” मग सगळं बिऱ्हाड, डबे, थर्मास आणि सरलाताईंसह, आठ सेंटिमीटर उत्तरेला सरकवण्यात आलं. शेजारच्या गृहस्थाने अंगठा उंचावला. तो थट्टा करत होता की कौतुक, हे नऊ वर्षं या देशात राहूनही वसुधाला सांगता आलं नसतं.

ती पाण्याकडे तोंड करून बसली.

“वसू, सनस्क्रीन कुठल्या पिशवीत?”

तिने सांगितलं, आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

“मामा, माझ्या सँडविचमध्ये झांड गेलं,” वाळूने माखलेला पाव पुढे करत इरावती म्हणाली.

तिने पाव झटकला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं. एक पांढरं शीड क्षितिजावर एखाद्या न बोललेल्या शब्दासारखं उभं होतं. ती त्या शब्दापर्यंत पोचणार, इतक्यात—

“सूनबाई, हे तळं किती दशलक्ष घनमीटर असेल, अंदाज कर बघू.”

पुऱ्या संपल्या. हात पुसून होतात न होतात तोच नरेंद्रने घड्याळ पाहिलं. “चला, एक वाजताचं टेबल बुक केलंय. तो अनुभवही घ्यायला हवा.”

“आत्ता तर जेवलो,” वसुधा म्हणाली.

“ते घरचं झालं गं. हे बाहेरचं.”

काठावरच्या उपाहारगृहाच्या दोरखंडापाशी वीस-बावीस वर्षांची एक मुलगी हातात टॅब्लेट घेऊन उभी होती. तिने ओळीने पाच चेहरे पाहिले. “पाच जण? एकाच घरातले?”

या प्रश्नासाठीच जणू नरेंद्र घरून निघाला होता. त्याने पाठपिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. नगरपालिकेच्या नोंदणीचा दाखला, तिघांच्या परवान्यांच्या प्रती, आईबाबांच्या व्हिसाची मुदतवाढ, त्यांच्या रद्द झालेल्या विमानाची तिकिटं. मुलगी गोंधळली. ती म्हणाली, “मीनहीर, नुसतं हो म्हटलंत तरी चालेल.”

नरेंद्रला ते पटलं नाही, पण त्याने फाइल मिटली.

मग तब्येतीचे प्रश्न. गेल्या चोवीस तासांत सर्दी, खोकला, दम लागणं, ताप. प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं. नरेंद्रने परीक्षेत मिळवलेल्या डचमध्ये “नेय”, म्हणजे नाही, म्हटलं, आईबाबांसाठी प्रश्न मराठीत सांगून त्यांचीही दोन “नेय” वसूल केली. इरावती “नेय” म्हणाली.

टॅब्लेटवाली मुलगी वसुधाकडे वळली. तिच्या खांद्यावरून पलीकडे वसुधाला किनाऱ्याचं दुसरं टोक दिसत होतं. तिथे वाळू संपून बोरूचं बेट सुरू होत होतं, आणि त्याच्या अलीकडे, पाण्याला लागून, एक ओंडका आडवा पडला होता. त्याच्यावर कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं.

“सर्दी किंवा खोकला, मेव्राव?”

“या,” वसुधा म्हणाली.

हे डच ‘हो’ तिने ठरवलं नव्हतं. फांदीवरून पक्षी उडतो तसा तो होकार उडाला, आणि ती नुसती हलणाऱ्या फांदीकडे पाहत राहिली.

चार माणसं एक-एक पाऊल मागे सरकली. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी तिच्याच हातच्या पुऱ्या खाल्ल्या होत्या, एकाच बाटलीतलं पाणी प्यायलं होतं.

“कधीपासून?” नरेंद्रचा आवाज खाली गेला.

“सकाळपासून. घसा थोडा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“पुऱ्या तळत होते.”

त्यांनी विश्वास ठेवला याचं तिला नवल वाटलं नाही. तिच्या घरात माणसाच्या बोलण्यावर शंका घ्यायला मुभा होती. फॉर्मवरच्या उत्तरावर नव्हती. नऊ वर्षं ते परवान्यांवर जगत आले होते. एक चौकोन चुकीचा भरला तर पत्र येतं, पत्राला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर चुकलं तर घर, शाळा, नोकरी सगळं पुन्हा खोक्यांत भरावं लागतं, ही धास्ती त्यांच्या हाडांत मुरली होती. घरातले सगळे फॉर्म वसुधा भरत असे. आजवर तिचा एकही चौकोन चुकलेला नव्हता. ‘मी थकलेय’ असं ती चार महिने म्हणत होती आणि ते कुणाच्या कानावर गेलं नव्हतं. टॅब्लेटवरचा एक होकार मात्र थेट काळजात पोचला.

मुलीने टॅब्लेट तपासला. “ताप नाही ना? मग बाकीचे बसू शकतात. फक्त मेव्राव नाही. माफ करा हं.”

पुढच्या वाक्याची जबाबदारी कुणालाच नको होती.

“सो, कॅन वी स्टिल गेट पताट?” इरावतीने विचारलं. तळलेल्या बटाट्याला या देशात नाही म्हणणारं मूल अजून जन्मायचं होतं.

“एवढं बुकिंग केलंय खरं,” नरेंद्र म्हणाला. “आम्ही पटकन खाऊन येतो, वसू. तू तोवर...”

“पटकन नको,” वसुधा म्हणाली. “सावकाश खा. गोड मागवा काहीतरी.”

ओंडका उन्हाने कोमट झाला होता. तिने बूट काढले, पाय पाण्यात सोडले, आणि एक तास तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बराच काळ पत्रांतूनच भेटलेला कुणी अचानक दारात यावा, तसा. दोघांनाही काय बोलावं सुचेना.

पहिली दहा मिनिटं तर वायाच गेली. तिने मनात उद्याची भाजी ठरवली. मग लाज आली. पुण्यात तिची मावसबहीण मेधा रुग्णालयात बारा-बारा तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात उभी होती. तिने कधी खोटा खोकला काढला नसेल, तिच्याभोवती खरे पुष्कळ होते. फोन थरथरला. नरेंद्र: ‘श्वास ठीक?’ पुन्हा फोन थरथरला. ‘वास येतोय का? कशाचाही घेऊन बघ.’ तिने बोरूच्या बेटाचा वास घेतला. चिखल, शेवाळ, ऊन. तिने फोन बंद केला.

त्यानंतर कधीतरी ते घडलं. एक काळी पाणकोंबडी मागे दोन रेषा ओढत गेली. रेषा रुंदावल्या, विरल्या, आणि त्या विरल्यानंतरही वसुधा पाहतच होती. ती कुणाची बायको म्हणून पाहत नव्हती, कुणाची आई म्हणूनही नाही. तिच्या आतला चार महिन्यांचा आवाज गाळासारखा खाली बसत गेला, आणि वर उरलं ते पाणी तिच्या ओळखीचं होतं. हे आपणच, तिला वाटलं. अजून आहोत.

वाळूवर पावलं वाजली.

तिने मान वळवली. नऊवारीच्या शिस्तीत नेसलेली सहावारी, वर नरेंद्रचं जुनं निळं जाकीट, पायांत पांढरे बूट, काखेत पर्स: सरलाताई सरळ तिच्याच दिशेने येत होत्या. आता काढा, हळद, वाफ. आता ‘तरी मी म्हणत होते’.

सरलाताई ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला, नेमक्या दीड मीटरवर बसल्या.

“काय झालं, आई?”

“खोकला.”

“तुम्हाला? कधी?”

“आत्ता. टेबलावर. दोनदा खोकले. त्या पोरीने लगबगीने माझी खुर्ची मागे ओढली. चार महिन्यांत माझ्यासाठी कुणी इतक्या तत्परतेने हललं नव्हतं.”

“खरंच खोकला आहे?”

सरलाताईंनी पाण्याकडे पाहिलं. “तुझा जेवढा खरा, तेवढाच.”

वसुधाने तोंड उघडलं.

“बोलू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण माया दाखवण्याचाही प्रयत्न नव्हता. “तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होते मी. कानात सतत कुणीतरी. रिटायर झाले तर घरात धरण. इथे आले तर तेच धरण, आणि खिडकीसुद्धा उघडायची नाही, थंडी येते म्हणून. तुला निदान ऑफिस आहे. आता गप्प बस, आणि मलाही बसू दे.”

वसुधा गप्प बसली. प्रथम ती जराशी दुखावलीच. हा तास तिचा होता, तिने खोटं बोलून मिळवला होता, आणि त्यात दुसरी खोटारडी येऊन बसली होती. सासूबाईंचा श्वास नाकातून बारीक शीळ घालत होता, तेही तिला खुपलं. पण सरलाताई गप्प बसण्यात तिच्यापेक्षा फार वरच्या दर्जाच्या निघाल्या. त्यांनी हालचाल केली नाही, सुस्कारा टाकला नाही, ‘किती छान वाटतंय नाही’ असंही म्हटलं नाही. त्या शांततेला टेकायला जागा होती. हळूहळू वसुधाही टेकली. दोघींच्या मधून वारा येत-जात राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

“थांबा! मी इथूनच बोलतो.”

नरेंद्र चार मीटरवर उभा होता, मास्क नाकाच्या वर ओढलेला, हातात फोन. त्याच्या मागे दिनकरराव, आणि त्यांच्या मागे कागदी द्रोणातली शेवटची पताट चाटत इरावती. नरेंद्रच्या डोळ्यांत वसुधाने कित्येक महिन्यांत न पाहिलेलं तेज होतं. त्याला अखेर एक खरं संकट मिळालं होतं.

“टेस्टसाठी फोन केला. उद्या दुपारी दोघींची वेळ मिळालीय. रिझल्ट परवा. पण मी दहा दिवस धरतोय, बफर. आपण घराचे दोन भाग करू. लक्षणं असलेले दोन, नसलेले तीन. तुम्ही दोघी वर झोल्डरवर. जेवण जिन्यावर ठेवू.”

वसुधा उठून उभी राहिली. दहा दिवस. एका खोलीत. सासूबाईंबरोबर. खोटेपणाची शिक्षा इतकी रेखीव असू शकते हे तिला माहीत नव्हतं. शिवाय उद्याच्या रांगेत खरोखर आजारी असलेली माणसं उभी असतील. सांगून टाकणं एवढंच शहाणपणाचं होतं.

“नरेंद्र, ऐक. खरं सांगायचं तर...”

आणि ती थांबली. झोल्डर म्हणजे त्यांच्या घराचा माळा. उतरतं छप्पर, आभाळाकडे उघडणारी एक खिडकी, आणि अख्ख्या घरातलं आतून कडी लागणारं एकमेव खोलीचं दार. मार्चपासून त्या दारामागे नरेंद्रचं ऑफिस होतं.

“मग तू कुठे बसशील?” तिने विचारलं.

“खालीच. डायनिंग टेबलवर. करावं लागेल मॅनेज.”

“उत्तम!” दिनकरराव म्हणाले. “मलाही सोबत होईल. नरेंद्र, इथली ती पंपांची रचना तुला एकदा मुळापासून समजावून सांगायचीच आहे.”

“अँड पापा, माझं स्प्रेइकबर्ट आहे, वर्गात प्रेझेंटेशन. यू हॅव टू लिसन. टेन टाइम्स,” इरावती म्हणाली.

मास्कच्या वर नरेंद्रचे डोळे किंचित विस्फारले.

“आणि स्वयंपाक?” ओंडक्यावरून सरलाताईंनी विचारलं.

“आम्ही बघू, आई. खिचडी-बिचडी.”

“रोज?”

“रोज.”

मग, पहिल्यांदाच, सुनेकडे वळून सरलाताईंनी हलकेच विचारलं, “वर दोन खाटा मावतील?”

“मावतील,” वसुधा म्हणाली.

“लांब लांब?”

वसुधाने क्षणभर डोळे मिटून माळा आठवला. टेस्टचं उत्तर परवा येईल. तोवर दोन दिवस तर नक्की होते. जे सांगून टाकायचं होतं ते परवाही सांगता आलं असतं.

“मधे पुस्तकांचं कपाट सरकवता येईल, आई.”

“मग बरंय,” सासूबाई म्हणाल्या, आणि इतक्या मनापासून खोकल्या, की नरेंद्र घाईने मागे सरला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत तळ्यात गेला.